मर्यादित खर्चात पहिला दणकट ट्रायपॉड: काय पाहून घ्यावा?

धुकेवाट:

छायाचित्रणाचा छंद लागून बराच काळ लोटला असून आता हातात कॅमेरा धरून जे साधते त्याच्या मर्यादा स्पष्ट दिसू लागल्या आहेत. सूर्यास्तानंतरचा निळसर प्रकाश, शटर बराच वेळ उघडे ठेवून घेतलेले वाहत्या पाण्याचे चित्र, फुलांची व कीटकांची जवळून घेतलेली छायाचित्रे आणि जमल्यास रात्रीचे आकाश, असे विषय डोळ्यांसमोर ठेवून पहिला ट्रायपॉड घेण्याचे ठरवले आहे. माझा कॅमेरा एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा आहे आणि त्यासोबत १८-५५ व ५५-२५० मि.मी. नाभीय लांबीच्या (फोकल लेंग्थ) अशा दोन लेन्स आहेत. कॅमेरा आणि मोठी लेन्स मिळून वजन दीड किलोच्या आत राहते. माझी उंची १६५ सें.मी. आहे. चालत फिरणे पुष्कळ होते, परंतु अवघड चढाई क्वचितच असते. कॅमेऱ्याला जेवढा खर्च आला त्याच्या साधारण एक पंचमांश रक्कम यासाठी बाजूला काढली आहे आणि ती वाढवणे शक्य नाही.

उत्पादनांची माहिती वाचून मात्र गोंधळच वाढला. एका ट्रायपॉडची भारक्षमता आठ किलो दिलेली असते, दुसऱ्याची पंधरा, आणि पंधरा किलोवाला हलकाही असतो व स्वस्तही. हे कसे शक्य आहे? शिवाय पायांचे टप्पे, म्हणजे एकात एक सरकणारे भाग, तीन असावेत, चार की पाच, कार्बन फायबर घ्यावे की ॲल्युमिनियम, पाय आणि हेड (कॅमेरा धरून हव्या त्या दिशेला वळवणारा वरचा भाग) एकत्र घ्यावे की वेगवेगळे, हे प्रश्न आहेतच. कोणते मॉडेल घ्यावे यापेक्षा निवड करताना विचार कसा करावा हे समजले तर अधिक उपयोग होईल, कारण मॉडेल बदलत राहतात.

संथपाणी:

सुरुवात भारक्षमतेपासूनच करू, कारण नव्या ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल याच आकड्यामुळे होते. हा आकडा मोजण्याची सर्व उत्पादकांवर बंधनकारक असलेली एकच पद्धत नाही. कोणी पायांचे टप्पे धरून ठेवणारे लॉक घसरू लागेपर्यंत पायांनी किती ओझे पेलले ते छापतो, तर कोणी सुरक्षिततेसाठी भरपूर सूट राखून बराच कमी आकडा देतो. त्यामुळे दोन वेगळ्या उत्पादकांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्याला काही अर्थ उरत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ओझे पेलणे आणि कॅमेरा निश्चल ठेवणे हे दोन वेगळे गुण आहेत. तुमचे सगळे साहित्य दीड किलोच्या आत आहे म्हणजे ते पेलताना बाजारातला जवळपास कोणताही बरा ट्रायपॉड कोसळणार नाही. वाऱ्याची झुळूक आली, शटर हलले किंवा बोटाचा स्पर्श झाला की कॅमेरा किती डोलतो आणि तो डोल किती लवकर थांबतो, हे पाहायला हवे.

निश्चल म्हणजे किती निश्चल, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. तुमच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण ४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंदीचा आहे. लेन्स २०० मि.मी.वर असताना कॅमेऱ्याचा रोख २० मायक्रोरेडियन (कोनाचे अतिसूक्ष्म माप) इतका बदलला की चित्र एका पिक्सेलने सरकते. लेन्सचे टोक आधारापासून २० सें.मी. पुढे आहे असे धरले, तर ते टोक केवळ ४ मायक्रॉन वरखाली होणे एवढ्याला पुरेसे आहे, आणि माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. लेन्सची नाभीय लांबी १८ मि.मी. असेल तर चित्र तितकेच सरकण्यासाठी सुमारे अकरा पट अधिक हालचाल व्हावी लागते. म्हणूनच रुंद कोनाच्या लेन्सवर कोणताही ट्रायपॉड चांगला वाटतो आणि तोच ट्रायपॉड मोठी लेन्स लावताच निराश करतो. तुमची निवड ५५-२५० मि.मी. लेन्स डोळ्यांसमोर ठेवून व्हायला हवी.

आता पायांकडे येऊ. पातळ भिंतीच्या पोकळ नळीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या घनाच्या आणि भिंतीच्या जाडीच्या प्रमाणात असतो. भिंतीची जाडी आणि धातू तेच ठेवून २२ मि.मी.ऐवजी २८ मि.मी. व्यासाची नळी घेतली तर हा विरोध दुपटीहून थोडा अधिक होतो. डोळ्यांना जो फरक सहा मिलिमीटरचा दिसतो, तो कामाच्या दृष्टीने एवढा मोठा असतो. मात्र जाहिरातीत छापलेला व्यास नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत जाड नळीचा असतो. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांमध्ये प्रत्येक टप्प्याला सुमारे तीन मिलिमीटर कमी होतात. वरची नळी २८ मि.मी.ची आणि टप्पे चार असतील, तर शेवटची नळी १९ मि.मी.च्या आसपास येते. वरची नळी २५ मि.मी.ची आणि टप्पे पाच असतील, तर शेवटची १३ मि.मी.वर येऊन पोहोचते. १९ आणि १३ यांच्या घनांमध्ये तिपटीचा फरक आहे. म्हणून वरच्या नळीचा व्यास आणि टप्प्यांची संख्या हे दोन आकडे शोधा, त्यांवरून शेवटच्या नळीचा अंदाज काढा आणि मगच बाकीच्या गोष्टी वाचा.

तुमच्या वापरासाठी माझे मत स्पष्ट आहे. वरची नळी किमान २५ मि.मी.ची असावी, शक्य झाल्यास २८ मि.मी.ची असावी, आणि टप्पे तीन किंवा चार असावेत. एवढे मिळत असेल तर दिसण्यातली सफाई, सोबतची पिशवी, पायाचा मोनोपॉड (एकपायी आधार) करण्याची सोय अशा सगळ्या गोष्टींवर पाणी सोडायला हरकत नाही.

डोंगरमाथा:

संथपाणी यांचे गणित मान्य आहे, परंतु चालणाऱ्या माणसाच्या बाजूने त्यात काही भर घालणे मला आवश्यक वाटते. २८ मि.मी.च्या, तीन टप्प्यांच्या ॲल्युमिनियमच्या पायांचे वजन हेड धरून अडीच ते तीन किलोपर्यंत जाते आणि मिटवल्यावरही लांबी ६० सें.मी.च्या पुढे राहते. हे ओझे पाठीवर घेऊन दिवसभर फिरणे ज्यांना जमते त्यांनी अवश्य घ्यावे. ज्यांना जमत नाही त्यांनी मात्र जाडी कमी करण्याऐवजी उंची कमी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बहुतेक जण नेमके उलट करतात. त्यांना डोळ्यांइतकी उंची हवी असते, मिटवल्यावर पिशवीत मावेल असा आकारही हवा असतो, आणि या दोन्हींची किंमत नळीच्या जाडीतून वसूल होते. छातीपर्यंत येणारा पण जाड पायांचा ट्रायपॉड, विशेषतः कॅमेऱ्याचा पडदा वरच्या बाजूला वळत असेल तर, काम अतिशय समाधानकारक करतो. निसर्गदृश्यांमध्ये समोरचा दगड, गवत किंवा पाणी चित्रात आणायचे असते तेव्हा कॅमेरा बहुधा कमरेच्या खालीच असतो.

कार्बन फायबरविषयी. गिट्झो या उत्पादकाने १९९४ मध्ये कार्बन फायबरचे ट्रायपॉड बाजारात आणले आणि पुढे इतरांनीही तो मार्ग धरला. कार्बन फायबरच्या नळीची घनता साधारण १.६ आणि ॲल्युमिनियमची २.७ असल्यामुळे वजनात फार मोठी बचत होईल असे वाटते, परंतु माथ्यावरचा सांधा, लॉक आणि हेड हे धातूचेच राहतात. त्यामुळे पूर्ण ट्रायपॉडमधली बचत पुष्कळदा काही शे ग्रॅमची असते. कार्बनचा खरा लाभ असा की कंप त्यात लवकर विरतो आणि कडाक्याच्या थंडीत पायांना हात लावणे सुसह्य होते. मात्र ठरावीक रकमेत कार्बन मिळवायचा तर पाय बारीक पत्करावे लागतात. बारीक कार्बन आणि जाड ॲल्युमिनियम यांत निवड करायची असेल तर जाड ॲल्युमिनियम घ्यावे. पुढे कधी खर्चाची मर्यादा सैल झाली, तर त्याच जाडीचा कार्बन घेता येईल.

पाय वरच्या दिशेला उलटे वळून हेडभोवती मिटणारे प्रवासी ट्रायपॉड दिसायला आकर्षक असतात आणि मिटवल्यावर ४० सें.मी.च्या आसपास येतात. त्यांतले चार टप्प्यांचे काही बरे असतात. पाच टप्प्यांचे तुमच्या मोठ्या लेन्ससाठी मी सुचवणार नाही.

धुकेवाट:

दोघांचेही मनापासून आभार. आता माहितीपत्रके वाचताना नजर कुठे जायला हवी हे कळू लागले आहे. उंचीविषयी अजून एक शंका आहे. बऱ्याच ठिकाणी कमाल उंची १६० किंवा १६५ सें.मी. दिलेली असते. माझी उंचीच १६५ असल्यामुळे १५० सें.मी.चा ट्रायपॉड मला बुटका पडेल का? आणि त्या कमाल उंचीत पायांच्या मध्ये वरखाली सरकणारा मधला दांडा धरलेला असतो का?

संथपाणी:

बहुतेक वेळा धरलेला असतो आणि म्हणूनच तो आकडा बाजूला ठेवून ‘मधला दांडा खाली असतानाची उंची’ शोधायला हवी. चांगले उत्पादक दोन्ही आकडे स्वतंत्रपणे देतात.

तुमच्यासाठी हिशेब असा होईल. १६५ सें.मी. उंचीच्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १५४ सें.मी.वर असतात. हेडची उंची सुमारे १० सें.मी. धरावी आणि कॅमेऱ्याच्या तळापासून दृश्यदर्शकापर्यंतचे अंतर आठेक सें.मी. धरावे. ते वजा केल्यावर १३६ सें.मी. उरतात. म्हणजे दांडा पूर्ण खाली असताना पायांची उंची १३५ ते १४० सें.मी. भरत असेल, तर सपाट जमिनीवर तुम्हाला न वाकता पाहता येईल. उताराकडच्या बाजूला उभे राहावे लागले तर वाकावे लागत नाही, उलट कॅमेरा उंच होतो. मात्र एखादा पाय खड्ड्यात किंवा ओढ्याच्या पात्रात ठेवायचा असेल तर दहा-पंधरा सें.मी.ची शिल्लक कामी येते. डोंगरमाथा म्हणतात तशी तडजोड करायची तर १२० सें.मी.पर्यंत खाली यायलाही हरकत नाही.

मधल्या दांड्याविषयी इतकी सावधगिरी का, तेही सांगतो. दांडा वर काढला की तीन पायांच्या माथ्यावर आपण एकच पाय उभा करतो. एका टोकाला धरलेली काठी दुसऱ्या टोकाला किती वाकते हे तिच्या मोकळ्या लांबीच्या घनावर अवलंबून असते. १५ सें.मी. वर काढलेला दांडा ३० सें.मी.पर्यंत वाढवला तर तेवढ्याच धक्क्याला त्याचे वाकणे आठपट होते. यात दांड्याच्या पकडीतला ढिलेपणा अजून धरलेलाच नाही. दांडा असू नये असे माझे म्हणणे नाही. चार-पाच सें.मी. इकडेतिकडे करण्यासाठी तो फार सोयीचा असतो. परंतु उंची मिळवण्याचे मुख्य साधन म्हणून तो वापरावा लागणार असेल, तर तो ट्रायपॉड तुमच्यासाठी बुटका आहे असेच समजावे.

सूक्ष्मदृष्टी:

धागाकर्त्यांनी फुले आणि कीटक यांचा उल्लेख केला आहे आणि आतापर्यंतच्या चर्चेत त्या अंगाचा विचार झालेला नाही, म्हणून लिहीत आहे.

जवळून छायाचित्रे घेताना ट्रायपॉड किती उंच होतो यापेक्षा तो किती खाली येतो हे अधिक पाहावे लागते. त्यासाठी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, प्रत्येक पाय स्वतंत्रपणे दोन-तीन वेगवेगळ्या कोनांत उघडून अडकवता येतो का. पाय एकमेकांना मधल्या आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असतील तर हे शक्य होत नाही आणि असा ट्रायपॉड उंचसखल जमिनीवरही त्रास देतो, म्हणून तो सरळ वगळावा. दुसरी, मधला दांडा काढता येतो का किंवा त्याचे दोन तुकडे होऊन आखूड दांडा वापरता येतो का. पाय पूर्ण पसरले तरी लांब दांडा जमिनीला टेकत असेल तर त्या पसरण्याचा उपयोग नाही. दांडा उलटा बसवून कॅमेरा पायांच्या मध्ये लोंबता ठेवण्याची सोय माहितीपत्रकात मोठ्या कौतुकाने सांगितलेली असते. प्रत्यक्षात तेव्हा सगळी बटणे उलटी होतात आणि पाय सारखे आड येतात. मी तिला महत्त्व देणार नाही.

आता हेड. बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर फिरणारे हेड, झटपट काम करते, आकाराने लहान असते आणि एकाच खिट्टीने सगळ्या दिशा मोकळ्या होतात. निसर्गदृश्ये आणि भटकंती यांसाठी ते योग्य आहे. परंतु स्वस्त बॉल हेडमध्ये एक दोष हमखास आढळतो: चित्रचौकट जुळवून खिट्टी आवळली की हात सोडताच लेन्स किंचित खाली झुकते. रुंद निसर्गदृश्यात हे खपून जाते, जवळच्या छायाचित्रात खपत नाही. एकास एक प्रमाणात (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची उमटेल असे), लेन्सचे छिद्र एफ/८ ठेवून काढलेल्या चित्रात स्पष्ट दिसणारी खोली एक मिलिमीटरहूनही कमी असते. तेवढ्या खोलीत कीटकाचा डोळा आणून ठेवायचा आणि मग हेड झुकायचे, हा अनुभव अतिशय खच्ची करणारा असतो. याउलट तीन दांड्यांचे हेड, ज्यात प्रत्येक दिशेला वेगळी मूठ असते, त्याच किमतीत पुष्कळदा अधिक पक्की पकड देते आणि क्षितिज न बिघडवता केवळ वरखाली करू देते. ते जड असते आणि त्याच्या मुठी पिशवीत अडकतात, हे मान्य. सावकाश काम करणाऱ्याने त्याचा विचार जरूर करावा.

बॉल हेडच घ्यायचे असेल तर गोळ्याचा व्यास ३६ मि.मी. किंवा अधिक असावा, घर्षण कमीजास्त करण्याची वेगळी चकती असावी आणि तळाशी आडवे फिरवण्यासाठी स्वतंत्र खिट्टी असावी. ही तिसरी सोय सलग जोडचित्रे काढताना फार उपयोगी पडते.

पाय आणि हेड वेगवेगळे घ्यावेत का? शक्य असेल तर घ्यावेत, पण त्याहून आवश्यक गोष्ट म्हणजे हेड काढता आले पाहिजे. पाय आणि हेड यांच्या जोडाला सामान्यतः ३/८ इंचाचा आणि कॅमेऱ्याच्या तळाला १/४ इंचाचा स्क्रू असतो आणि हे दोन्ही आंतरराष्ट्रीय प्रमाणाला धरून असल्यामुळे एका उत्पादकाच्या पायांवर दुसऱ्याचे हेड बसते. जिथे हेड पायांना कायमचे जोडलेले असते तिथे पुढची सुधारणाच खुंटते. एकत्र संचात पाय चांगले आणि हेड सामान्य मिळत असेल, तर आज तो घेऊन दोन वर्षांनी केवळ हेड बदलता येईल. उलट संच, म्हणजे देखणे हेड आणि काडीसारखे पाय, घेऊ नये.

डोंगरमाथा:

याच संदर्भात प्लेटविषयी सांगायला हवे. क्विक रिलीज प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडमध्ये झटकन बसवायची पट्टी, शक्यतो आर्का-स्विस पद्धतीची असावी. ही सुमारे ३८ मि.मी. रुंदीची, कडा तिरप्या कापलेली पट्टी आज इतकी रुळली आहे की एखादी प्लेट हरवली तरी दुसऱ्या उत्पादकाची मिळते आणि पुढे उभ्या चौकटीसाठी काटकोनी एल आकाराची प्लेट घ्यायची झाली तर तीही त्याच पकडीत बसते. मात्र हा औपचारिक प्रमाणभूत आकार नसल्यामुळे निरनिराळ्या उत्पादकांच्या रुंदीत किंचित फरक असतो. स्क्रूने आवळली जाणारी पकड तो फरक सांभाळून घेते. खटक्याची पकड कधी प्लेट सैल धरते तर कधी बसूच देत नाही. पहिल्या ट्रायपॉडसाठी स्क्रूची पकड घ्यावी.

धुकेवाट:

ही माहिती माझ्यासाठी फार मोलाची आहे. आता ट्रायपॉड प्रत्यक्ष हाताळून पाहण्याचा विचार आहे. दुकानात थोड्या वेळात काय काय तपासावे? आणि वापरलेला ट्रायपॉड घेण्यात धोका कितपत असतो?

जुनेभिंग:

स्वतःचा कॅमेरा आणि मोठी लेन्स सोबत न्यावी, ही पहिली अट. रिकाम्या ट्रायपॉडवरून फारसे काही कळत नाही.

सगळे पाय पूर्ण लांब करावेत, मधला दांडा खाली ठेवावा आणि माथ्यावर दोन्ही तळहात ठेवून सरळ खाली दाब द्यावा. एखादे लॉक घसरत असेल तर इथेच कळते. त्यानंतर माथा दोन्ही हातांनी धरून घड्याळाच्या दिशेने व उलट पिळून पाहावा. स्वस्त ट्रायपॉड उभा दाब चांगला सोसतात, पण पिळले की त्यांचे खांदे, म्हणजे पाय जिथे माथ्याला जोडलेले असतात ते सांधे, हलताना दिसतात. सांध्यातला हा ढिलेपणा सर्वांत घातक, कारण नळ्या कितीही जाड असल्या तरी तो भरून निघत नाही. काही ट्रायपॉडमध्ये हे सांधे आवळण्यासाठी षटकोनी किल्लीची सोय असते. ती आहे का, हे पाहून ठेवावे.

मग कॅमेरा लावून लेन्स २५० मि.मी.वर न्यावी, दूरच्या एखाद्या अक्षरावर किंवा कडेवर रोखावी आणि पडद्यावरचे दृश्य दहापट मोठे करावे. एका पायावर बोटाने हलकी टिचकी मारावी आणि चित्राचा डोल किती वेळात शांत होतो हे पाहावे. एकाच वेळी दोन-तीन ट्रायपॉडवर हा प्रयोग केला तर फरक इतका ठळक दिसतो की पुढे कोणाचे मत विचारण्याची गरज राहत नाही. याच वेळी हेड आवळून हात सोडावा आणि चित्राचा मध्य खाली किती घसरतो तेही टिपून घ्यावे.

लॉक दोन प्रकारचे असतात. खटक्याचे लॉक उघडे आहे की बंद, हे लांबून दिसते आणि ते सैल झाल्यास बहुधा किल्लीने आवळता येते. पिळाचे लॉक बाहेर कमी डोकावते, फांद्यांत अडकत नाही, पण नीट आवळले गेले की नाही हे हातालाच कळावे लागते. दोन्ही उत्तम असू शकतात. तुमच्या हाताला जे सोयीचे वाटेल ते घ्या.

वापरलेल्या ट्रायपॉडविषयी माझे मत अनुकूल आहे. कॅमेऱ्यातले इलेक्ट्रॉनिक भाग जुने होतात, ट्रायपॉड मात्र सांभाळून वापरला तर दीर्घकाळ टिकतो आणि जुन्या जाड ॲल्युमिनियमच्या पायांना केवळ वजनामुळे गिऱ्हाईक कमी असते. तुमच्या मर्यादेत २८ मि.मी.ची नळी मिळण्याची सर्वांत मोठी शक्यता इथेच आहे. नळीला पोचा आलेला नसावा, कारण पोचा आलेली नळी आत सरकत नाही आणि वाकण्यालाही तिथेच सुरुवात होते. प्रत्येक टप्पा पूर्ण बाहेर काढून आत घालून पाहावा. लॉक उघडताना वाळूची करकर ऐकू आली तर आत सफाई करावी लागेल, पण तेवढ्यावरून नकार देण्याचे कारण नाही. कार्बनच्या नळीवर आडवी चीर किंवा पापुद्रा सुटलेला दिसला तर मात्र घेऊ नये. जुन्या हेडला बहुधा त्या उत्पादकाचीच खास प्लेट लागते. ती सोबत मिळत नसेल तर हेडची किंमत शून्य धरून सौदा करावा आणि आर्का पद्धतीचे नवे हेड बसवावे. तुमच्या रकमेची वाटणी मला विचाराल तर जुने जाड पाय आणि नवे मध्यम हेड ही मला सर्वांत समाधानकारक वाटते.

संथपाणी:

जुनेभिंग यांच्या शेवटच्या सल्ल्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. खरेदीनंतरच्या वापराविषयी थोडे लिहितो, कारण मध्यम ट्रायपॉड नीट वापरला तर महागड्याच्या बराच जवळ जातो.

पाय उघडताना आधी वरचे जाड टप्पे पूर्ण काढावेत आणि सर्वांत बारीक टप्पा गरज पडली तरच काढावा. एक पाय लेन्सच्या दिशेने पुढे ठेवून आपण उरलेल्या दोन पायांच्या मध्ये उभे राहावे. लेन्सचा भार पुढच्या पायावर येतो आणि आपला पाय ट्रायपॉडला लागण्याची शक्यता कमी होते. शटर बोटाने दाबू नये. दोन सेकंदांचा टायमर लावावा, आणि मोठी लेन्स असेल किंवा वारा असेल तर दहा सेकंदांचा लावावा किंवा रिमोट वापरावा. आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) असेल तर आरसा आधीच वर घेण्याची सोय वापरावी. आरसा व शटर यांच्या धक्क्याचा परिणाम साधारण १/३० सेकंद ते एक सेकंद या वेळांत सर्वाधिक दिसतो. त्याहून पुष्कळ दीर्घ वेळात सुरुवातीचा कंप एकूण प्रकाशाचा लहानसा भाग व्यापतो, म्हणून तितका जाणवत नाही. वाहत्या पाण्याची छायाचित्रे नेमकी याच धोक्याच्या पट्ट्यात येतात, तेव्हा तिथे विशेष काळजी घ्यावी.

लेन्समधली किंवा कॅमेऱ्यातली कंपरोधक यंत्रणा ट्रायपॉडवर बंद करावी, असा जुना सल्ला आहे. काही नवी साधने ट्रायपॉड ओळखून आपली वागणूक बदलतात. तुमच्या लेन्सवर यंत्रणा चालू व बंद ठेवून एकाच विषयाची काही छायाचित्रे घ्यावीत आणि मोठी करून पाहावीत. उत्तर तिथेच मिळेल.

मधल्या दांड्याच्या हुकाला पिशवी अडकवली की स्थैर्य वाढते, असे सर्वत्र लिहिलेले असते. पिशवी वाऱ्यात झुलू लागली तर ती उलट ट्रायपॉडलाच हलवते. तिचा तळ जमिनीला टेकेल इतक्या उंचीवर ती अडकवावी, म्हणजे भारही मिळतो आणि झोकाही थांबतो. लाकडी फळ्यांचा पूल, गच्चीची पातळ फरशी किंवा रहदारीचा उड्डाणपूल अशा जागी मात्र जमीनच हलत असते. तिथे कोणताही ट्रायपॉड उपयोगी पडत नाही, माणसांची किंवा वाहनांची ये-जा थांबण्याची वाट पाहावी लागते.

धुकेवाट:

सर्वांच्या उत्तरांवरून माझा निर्णय जवळपास झाला आहे. वरची नळी २८ मि.मी., टप्पे तीन किंवा चार, दांडा खाली ठेवून किमान १३० सें.मी. उंची, पाय स्वतंत्रपणे पसरणारे, असे वापरलेले ॲल्युमिनियमचे पाय शोधायला सुरुवात केली आहे. हेड नवे घेईन आणि सूक्ष्मदृष्टी यांनी सांगितल्याप्रमाणे तीन दांड्यांचे व बॉल हेड, दोन्ही हाताळून मगच ठरवेन. शेवटची एक शंका: समुद्रकिनाऱ्यावर आणि ओढ्यात पाय ठेवल्यावर देखभाल कशी करावी?

जुनेभिंग:

निवड उत्तम आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी सर्वांत खालचा टप्पा पूर्ण बाहेर काढावा, म्हणजे लॉक पाण्याच्या पातळीच्या वर राहते. आत घातलेला टप्पा पाण्यात बुडाला तर लॉकमध्ये पाणी आणि वाळू दोन्ही शिरतात. ओल्या मऊ वाळूत पाय हळूहळू खचत राहतात, म्हणून चौकट जुळवण्यापूर्वी प्रत्येक पाय दाबून घट्ट बसवावा, आणि एक लाट येऊन गेल्यानंतर पुन्हा पाहावे.

खारे पाणी लागले असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावे. पिळाची लॉक उघडून नळ्या बाहेर काढाव्यात, आतल्या पट्ट्या कोणत्या बाजूने बसवल्या होत्या याचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे, आटे मऊ ब्रशने स्वच्छ करावेत आणि सर्व भाग पूर्ण वाळल्यावरच जोडावेत. आट्यांना उत्पादकाने सांगितले असेल तेच ग्रीस अगदी पातळ लावावे. नळ्यांना तेल मुळीच लावू नये. त्यावर वाळू चिकटते आणि लॉक घसरू लागते. खटक्याच्या लॉकमध्ये सफाई सोपी असते, पण त्यांचे स्क्रू गंजतात का ते अधूनमधून पाहावे. ओढ्याच्या गोड्या पाण्यासाठी एवढी खटपट लागत नाही, पाय पुसून रात्रभर उघडे ठेवले तरी पुरते.